पुलाचा ताप मोजण्याआधी पुलाचं तापमान मोजा

न्यू मेक्सिकोतल्या दोन पुलांचे आकडे ज्याला तोंडपाठ आहेत, त्याच्या गळ्यात पुलाचे सेन्सर मारणं जरा अवघड जातं.

पहिला पूल अल्बुकर्कीचा, रिओ ग्रान्दे नदीवरचा, आंतरराज्य महामार्ग ४० वरचा. तो पाडायचाच होता. म्हणून १९९३ साली संशोधकांनी त्याच्या दोन मुख्य पोलादी गर्डरांपैकी, म्हणजे पूल पेलणाऱ्या तुळयांपैकी, एक गॅसकटरने चार टप्प्यांत कापला आणि दर कापानंतर कंपनं मोजली. आधी गर्डरच्या उभ्या पत्र्यात चीर पाडली, मग ती खालपर्यंत नेली, मग खालची आडवी पट्टी अर्धी कापली. इतकं होईपर्यंत पुलाची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे हादरल्यावर पूल स्वतःहून सेकंदाला किती वेळा हलतो तो आकडा, आपण ज्याला सरळ फ्रिक्वेन्सी म्हणतो ती, जवळजवळ जागची हललीच नाही. शेवटी खालची पट्टी आरपार कापल्यावर ती २.४८ हर्ट्झवरून २.३० वर आली. म्हणजे सुमारे ७ टक्के.

दुसरा पूल अलामोसा कॅन्यनचा. त्याला कोणी कापलं नाही, खरवडलंही नाही. फक्त एक दिवस आणि एक रात्र मोजत राहिले. उन्हाने स्लॅब एका बाजूने तापला, निवला, आणि तेवढ्यात पहिली फ्रिक्वेन्सी सुमारे ५ टक्क्यांनी मागेपुढे झाली.

मुख्य गर्डर तळाशी आरपार तुटला तर ७, नुसतं ऊन पडलं तर ५. पुलावर सेन्सरचं जाळं बसवण्याच्या कामात जे काही चुकतं त्यातलं निम्मं या दोन आकड्यांत आहे. उरलेलं निम्मं पाणी, बॅटरी आणि घड्याळ यांत असतं, त्याकडे पुढे येतोच.

भीती कशाची, ते आधी

‘पुलावर सेन्सर बसवू’ असं म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: हा पूल कशाने पडेल असं वाटतंय? उत्तर नसेल तर आधी पुलाखाली उतरून, टॉर्च आणि हातोडी घेऊन दोन दिवस पाहणी करावी. ती फार स्वस्त पडते.

महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन कमानीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी बस आणि काही गाड्या घेऊन. अशा पुलाच्या गाळ्यावर, म्हणजे दोन खांबांमधल्या भागावर, उत्तम दर्जाचे कंपनमापक असते तरी त्यांनी काय सांगितलं असतं? दगडी कमान जड आणि ताठ, आणि भीती पुराच्या पाण्याची. तिथे कामाची वस्तू म्हणजे पाण्याची पातळी मोजणारा रडार, खांबाचा कल मोजणारा टिल्टमीटर, आणि पायथ्याची माती किती वाहून गेली, म्हणजे स्कावर किती झाला, ते मोजायची सोय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पातळी ठरावीक रेषेवर गेली की रस्ता बंद करणारा माणूस.

उलट प्रीस्ट्रेस गर्डरचा, म्हणजे आतल्या केबल ताणून आवळलेल्या काँक्रीटच्या गर्डरचा, पूल घ्या. आतल्या केबल गंजून एकेक तार तुटत असेल, तरी काँक्रीटला भेग पडेपर्यंत फ्रिक्वेन्सी ढिम्म असते. कारण फ्रिक्वेन्सी ताठपणावर आणि वजनावर चालते, केबलमधल्या ओढीशी तिला जवळपास देणंघेणं नसतं. इटलीतल्या जेनोआचा मोरांदी पूल १४ ऑगस्ट २०१८ ला पडला, ४३ माणसं गेली. तिथे ताणदांड्या काँक्रीटच्या आवरणात होत्या आणि गंज आत होता. अशा ठिकाणी तार तुटल्याचा आवाज टिपणारे ध्वनी-सेन्सर, भेगमापक आणि अधूनमधून आवरण उघडून बघणं, हाच मार्ग.

आणि काही वेळा सेन्सर लागतच नाही. तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ ला पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. तो धोकादायक असल्याचा फलक आधीपासून लागलेला होता. तिथे कमी होतं ते कुलूपबंद फाटक.

प्रश्न आधी आणि यंत्र नंतर, याचं आपल्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण कोयनेचं आहे. १९६२ पासून जलाशय भरायला लागला, तसे लहान धक्के जाणवू लागले, म्हणून यंत्रं बसवली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला तेव्हा १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या पोटातल्या गॅलरीत त्वरणमापक, म्हणजे हादऱ्याचा जोर मोजणारं यंत्र, तयार होता. त्याने नोंदवलेला आडवा हादरा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे निम्मा होता. धरणाला तडे गेले ते मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या उंचीवर. आकडेमोडीत ती नोंद घालून पाहिली तर जास्तीत जास्त ताण तिथेच येतो. नंतर मागून आधारभिंती बांधल्या. धरणांच्या भूकंप-गणिताची चाचणी घेताना ती नोंद आजही जगभर वापरतात. एकच यंत्र, पण योग्य जागी, योग्य प्रश्नासाठी, आणि घटनेच्या आधी बसवलेलं.

एक साधा पूल घेऊ

आता हाताशी एक नेहमीचा पूल धरू: तीस-तीस मीटरचे तीन गाळे, प्रत्येकी चार प्रीस्ट्रेस गर्डर, वर साडेदहा मीटर रुंदीचा स्लॅब, दोन पदरी वाहतूक. भीती तीन गोष्टींची: बेअरिंग, म्हणजे गर्डर ज्यावर टेकतो आणि सरकतो ती बैठक, जाम होणं, गर्डरला भेगा पडणं, पुरात खांब कलणं.

अशा गाळ्याची पहिली फ्रिक्वेन्सी ढोबळ हिशेबाने चार हर्ट्झच्या आसपास येते. स्वित्झर्लंडमधल्या शेकडो पुलांवर मोजून काढलेलं एक सूत्र आहे: ९५.४ भागिले लांबीचा ०.९३३ वा घात. तीस मीटरला ते ३.९९ देतं. तोंडी हिशेब करायचा तर शंभर भागिले लांबी. मोजणीत याच्या आसपास काहीच दिसलं नाही, तर पुलाला दोष देण्याआधी सेन्सर नीट चिकटलाय का ते बघा.

एका गाळ्यावर मी इतकं लावीन: बाहेरच्या दोन गर्डरांवर पाव, अर्ध्या आणि पाऊण अंतरावर मिळून सहा त्वरणमापक. सगळे मध्यावर लावले तर दुसऱ्या प्रकारच्या वाकण्यात मध्यबिंदू स्थिर राहतो आणि तो प्रकार दिसतच नाही. दोन्ही कडेच्या गर्डरांवर लावले नाहीत तर पीळ कळत नाही. गर्डरच्या उंचीत चार तापमापक: स्लॅबच्या वरच्या भागात, स्लॅबच्या पोटाला, गर्डरच्या मध्यावर आणि तळाशी. मध्यावर तळाला चार व्हायब्रेटिंग वायर स्ट्रेन गेज, म्हणजे काँक्रीट किती ताणलं-आवळलं जातंय ते ताणलेल्या तारेने मोजणारे. सरकत्या टोकाला दोन विस्थापनमापक. दोन्ही खांबांच्या टोपीवर, म्हणजे माथ्यावरच्या आडव्या तुळईवर, एकेक टिल्टमीटर. एक रडार. एकूण एकोणीस. निविदेत शंभर-दीडशे सेन्सर बघितले की छान वाटतं, पण या एकोणीसांचे आकडे तीन वर्षं सलग मिळाले तर ते दीडशे सेन्सरच्या सहा महिन्यांपेक्षा जास्त सांगतात.

सर्वांत स्वस्त जोडी

या सगळ्यातली माझी आवडती जोडी म्हणजे विस्थापनमापक आणि काँक्रीटमधला थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा छोटा घटक. काँक्रीट एका अंशाला मीटरमागे साधारण ०.०११ मिलिमीटर प्रसरण पावतं. तीस मीटरला अंशामागे ०.३३ मिलिमीटर. गर्डरचं सरासरी तापमान दिवसात दहा अंश बदललं तर सरकतं टोक ३.३ मिलिमीटर हललं पाहिजे. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर सरकणं, असा आलेख काढा. बेअरिंग निरोगी असेल तर तिरपी सरळ रेघ येते. बेअरिंग अडकत असेल तर रेघ आडवी चालते आणि मधेच पायरीसारखी उडी मारते, कारण ताण साठत जातो आणि मग एकदम सुटतो. पूर्ण जाम झालं तर रेघ आडवीच. मग ते बळ खांबाच्या टोपीत जातं आणि तिथे भेगा उघडतात. ०.१ मिलिमीटर ओळखणारा साधा मापक पुरतो.

एक खबरदारी. आडव्या अक्षावर हवेचं तापमान घेतलं तर रेघेऐवजी अंडाकृती वेटोळं येतं, कारण जाड काँक्रीट हवेच्या काही तास मागे असतं. ते वेटोळं बघून बेअरिंगला दोष देऊ नका. काँक्रीटच्या आतलं तापमान घ्या. त्यासाठी स्लॅबमध्ये ५० मिलिमीटर खोल छिद्र, थर्मिस्टर, आणि भोक पुन्हा ग्राउटने बंद.

बेअरिंग जाम झालं की गाळा अधिक ताठ होतो आणि फ्रिक्वेन्सी *वाढते*. ‘फ्रिक्वेन्सी घटली तर धोका’ एवढीच अट संगणकात घातलेली असेल, तर हा बिघाड हिरव्या दिव्याखाली आरामात बसून राहतो.

त्वरणमापक निवडताना

छंदासाठी मिळणारा एमपीयू-६०५० स्वस्त आहे, पण त्याची स्वतःची खरखर ४०० मायक्रो-जी प्रति वर्गमूळ हर्ट्झ (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण). शून्य ते पन्नास हर्ट्झच्या पट्ट्यात ती २.८ मिली-जी होते. रहदारी नसताना पूल एक मिली-जीच्या खालीच हलत असतो, म्हणजे पुलापेक्षा चिपच जास्त थरथरते. एडीएक्सएल-३५५ ची खरखर २२.५, त्याच पट्ट्यात ०.१६ मिली-जी. किंमत बरीच जास्त, पण पुलाच्या कामाला खालची मर्यादा इथे आहे. फोनमधला सेन्सर वापरून पुलाचं आरोग्य सांगणारी ॲप्स ट्रक गेल्यावरचा हादरा बघायला ठीक, त्यापुढे नाही.

सेकंदाला १२५ नमुने पुरे. नोंद किती लांब? पहिल्या फ्रिक्वेन्सीच्या किमान हजार आवर्तनांइतकी. चार हर्ट्झला हजार आवर्तनं म्हणजे २५० सेकंद. म्हणून दहा मिनिटं घेतली की निवांत. तिचे ६० सेकंदांचे, निम्मे एकमेकांवर येणारे तुकडे केले तर १९ तुकड्यांची सरासरी मिळते आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती जोर ते दाखवणाऱ्या आलेखातलं शिखर, म्हणजे पुलाची फ्रिक्वेन्सी, ०.०१७ हर्ट्झच्या बारकाईने वाचता येतं. चार हर्ट्झवर हे ०.४ टक्के. एक लक्षात ठेवायचं: फ्रिक्वेन्सी ताठपणाच्या वर्गमुळाप्रमाणे जाते, म्हणून फ्रिक्वेन्सीतला एक टक्का म्हणजे ताठपणातले दोन टक्के.

पुलावर ट्रक उभा किंवा चालत असताना त्याचं वजन गाळ्याच्या वजनात मिसळतं आणि शिखर खाली सरकतं. चाळीस टनांचा ट्रक आणि साडेतीनशे टनांचा गाळा, म्हणजे परिणाम किरकोळ नाही. ट्रक उतरून गेल्यानंतरची दहा-पंधरा सेकंदं, जेव्हा पूल एकटाच घुमत शांत होतो, ती सर्वांत स्वच्छ.

चिकटवणं

इथे घाई केली की पुढची तीन वर्षं कचरा मोजावा लागतो.

जागा आखा. कव्हरमीटर फिरवून सळया कुठे आहेत ते खडूने काढा. ग्राइंडरने रंग, सिमेंटची साय, जुनं प्लास्टर घासून खडी दिसेपर्यंत या. तारेचा ब्रश, मग हवेचा झोत, मग ॲसिटोनचा बोळा. बोळा काळा निघायचा थांबेपर्यंत. १०० बाय १०० बाय ८ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी, खाली दोन भागांचं इपॉक्सी पातळ आणि सलग, पोकळी न ठेवता. चोवीस तास आधार देऊन धरून ठेवायची, मग त्यावर सेन्सर स्क्रूने.

प्रीस्ट्रेस गर्डरच्या तळाच्या फुगीर भागात छिद्र पाडायचं नाही. कधीच नाही. तिथे केबल आहेत. आधाराजवळ याच केबल वर चढून गर्डरच्या उभ्या पोटात येतात, म्हणून तिथेही ड्रिल नको. फक्त इपॉक्सी किंवा बाहेरून आवळणारा शिकंजा. खांबावर, टोपीवर, साध्या आरसीसीत आठ मिलिमीटरचे दोन अँकर चालतात.

फोमची दुहेरी टेप कितीही मोहक वाटली तरी नको. ती मऊ स्प्रिंग आहे. वरच्या फ्रिक्वेन्सी गिळते आणि मे महिन्यात आणखी मऊ होते. पातळ पत्र्याचा लांब एल-ब्रॅकेट तर स्वतःच वाजतो. आलेखात तीस हर्ट्झच्या आसपास सुरेख उंच शिखर दिसतं, अहवालात त्याला ‘तिसरा कंपनप्रकार’ असं नावही मिळतं, आणि ते असतं ब्रॅकेटचं. खात्री करायची सोपी रीत: ब्रॅकेटवर बोटाने टिचकी मारा. तेच शिखर उसळलं तर ब्रॅकेट दोषी.

बसवून झालं की कोणता अक्ष वर आणि कोणता रहदारीच्या दिशेने, हे पट्टीवरच मार्करने लिहा आणि फोटो काढा. दोन वर्षांनी तो फोटो सोन्याच्या भावाचा ठरतो.

स्ट्रेनसाठी काँक्रीटवर साधा फॉइल गेज लावायचाच तर किमान ६० मिलिमीटर लांबीचा, म्हणजे २० मिलिमीटर खडीच्या तिप्पट. छोटा गेज एकाच खड्यावर बसून त्या खड्याची कहाणी सांगतो. पण महिनोन्‌महिने मोजायचं असेल तर फॉइल आणि त्याचा गोंद दोन्ही सरकतात. व्हायब्रेटिंग वायर गेज तारेची फ्रिक्वेन्सी पाठवतो, त्यामुळे केबल लांब झाली किंवा जोड थोडा ओलसर झाला तरी आकडा टिकतो. त्यातल्या थर्मिस्टरचं वाचन दर वेळी सोबत साठवा. आणि लांब केबलच्या दोन्ही टोकांना वीजरोधक बसवा, कोकणातल्या मे-जूनच्या गडगडाटात एका रात्रीत सगळ्या वाहिन्या जातात.

पाणी डब्यात शिरतं कसं

आयपी-६७ डबा पाण्यात बुडवला तरी टिकतो, मग पावसाळ्यात आत पाणी येतं कुठून? डबा उन्हात ४५ अंशांना तापलेला असतो. अचानक सर येते आणि तो २५ वर येतो. आतल्या हवेचं आकारमान सहा टक्क्यांनी आवळायला बघतं, आत पोकळीचा दाब तयार होतो, आणि केबलच्या तारांमधून, ग्लँडच्या, म्हणजे केबल आत घेणाऱ्या घट्ट बुचाच्या, कडेने बाहेरचं पाणी ओढलं जातं. रोज थोडं. उपाय म्हणजे डब्याला श्वास घेऊ देणारी पडद्याची खिडकी, जी हवा सोडते आणि पाणी अडवते. ग्लँड नेहमी खालच्या बाजूला, केबलला डब्यात शिरण्याआधी खाली एक झोळ, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. आत सिलिका जेलची पुडी, आणि सर्किटवर लेप.

बाकी पाहुणे म्हणजे गांधीलमाश्या, मुंग्या, पाली. गांधीलमाश्यांचं पोळं डब्यामागच्या सावलीत हमखास असतं. मागची फट इपॉक्सीने बुजवा आणि वर चढणाऱ्याला आधी काठीने ठोकून बघायला सांगा. तांब्याची केबल आणि सौर पॅनेल भंगाराच्या वाटेने जातात. डबे सिमेंटच्या रंगाचे ठेवावेत, पॅनेल हात पोचणार नाही तिथे. ‘सावधान, अत्याधुनिक उपकरण’ अशी पाटी लावणं म्हणजे चोराला पत्ता देणं.

बॅटरी आणि घड्याळ

हिशेब एका नोडचा, म्हणजे सेन्सर, बॅटरी आणि रेडिओ असलेल्या एका डब्याचा, असा. दिवसाला चार नोंदी, दहा-दहा मिनिटांच्या, १५ मिलिॲम्पिअरने: १० मिलिॲम्पिअर-तास. रेडिओ दिवसाला ४० सेकंद १२० मिलिॲम्पिअरने: १.३. बाकी वेळ झोपेत २० मायक्रोॲम्पिअर: ०.५. एकूण बारा. लिथियम थायोनिल क्लोराइडचा मोठा सेल १९ ॲम्पिअर-तासांचा. कागदावर चार वर्षांहून अधिक. उष्णता, गळती, पुन्हा-पुन्हा पाठवणं धरून अडीच-तीन वर्षं माना.

पण हे सेल एक खोडी करतात. बराच काळ नुसते पडून राहिले की आतल्या लिथियमवर पापुद्रा धरतो. मग रेडिओने एकदम विद्युतधारा मागितली की व्होल्टेज क्षणभर कोसळतं, प्रोसेसर रीसेट होतो, पुन्हा पाठवायला जातो, पुन्हा रीसेट. मीटरने बघावं तर सेल ३.६ व्होल्ट, अगदी ठणठणीत. सेलला समांतर एक मोठा कपॅसिटर लावला की धक्का तो सोसतो. नोड ‘कधीकधी गायब होतो’ अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा, अँटेना नंतर.

घड्याळाचं दुखणं यापेक्षा छुपं. घड्याळ चालवणाऱ्या साध्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत २० भागांपर्यंत. दोन नोड उलट दिशांना चुकले तर दहा मिनिटांत २४ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. चार हर्ट्झच्या २५० मिलिसेकंदांच्या आवर्तनात, पूर्ण आवर्तन ३६० अंशांचं धरलं तर, हे ३५ अंश. तासाभरात २०० अंशांच्या पुढे, म्हणजे एकत्र वर जाणारे दोन बिंदू आलेखात विरुद्ध दिशांना जाताना दिसतात आणि साधं वाकणं ‘पीळ’ म्हणून नोंदलं जातं. फ्रिक्वेन्सी एकट्या नोडवरूनही बरोबर येते, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. पुलाखाली आकाश दिसत नाही, म्हणून प्रत्येक नोडला जीपीएस हा उपाय नाही. गेटवेला, म्हणजे सगळ्या नोडचे आकडे गोळा करणाऱ्या यंत्राला, कठड्यावर जीपीएस द्या, त्याने नोंद सुरू होताना आणि संपताना सगळ्या नोडना वेळेची खूण पाठवावी, आणि मधला सरक नंतर गणितात काढून टाकावा. एक-दोन मिलिसेकंदांच्या आत राहिलं की चार हर्ट्झला चूक तीन अंशांहून कमी. पुष्कळ झालं.

रेडिओचा हिशेबही करून ठेवा. तीन अक्ष, तीन-तीन बाइट, १२५ नमुने: सेकंदाला ११२५ बाइट, दहा मिनिटांना पावणेसात लाख. आपल्याकडे विनापरवाना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झवर चालणारा लोरा, म्हणजे कमी विजेत दूरवर पोचणारा रेडिओ, सर्वांत वेगवान मांडणीत सेकंदाला सुमारे ६८० बाइट पाठवतो. एका नोडच्या एका नोंदीला सलग साडेसोळा मिनिटं, तीही हवा मोकळी असेल तर. सर्वांत दूरच्या मांडणीत पाच तास. म्हणून नोडनेच शिखरं काढून चाळीस बाइटांचा सारांश पाठवायचा: चार फ्रिक्वेन्सी, त्यांची उंची, सर्वाधिक हादरा, तापमान, बॅटरी. कॅलिफोर्नियात गोल्डन गेट पुलावर बर्कलेच्या लोकांनी २००६ मध्ये ६४ नोडचं जाळं लावलं होतं. तिथे आकडे नोडवरून नोडवर ४६ उड्या मारत पोचायचे. वाचायला विलक्षण, पण तीन गाळ्यांच्या पुलावर हे साहस नको; एक गेटवे, एकच उडी.

कच्ची नोंद मात्र पहिलं वर्षभर फेकू नका. आज नोडमध्ये घातलेली शिखर शोधण्याची रीत सहा महिन्यांनी बदलावीशी वाटणारच, आणि सारांशातून कच्चा आकडा परत मिळत नाही. निदान आठवड्याची एक नोंद कार्डावर ठेवा आणि पुलाखाली गेल्यावर जवळून वायफायने उतरवून घ्या.

वर्षभर काही बोलायचं नाही

आता मूळ मुद्द्यावर. पहिलं एक वर्ष, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा, फक्त ओळख करून घ्यायची. मग फ्रिक्वेन्सी आणि काँक्रीटचं तापमान यांची रेघ बसवायची आणि रेघेपासून उरलेली तफावत बघायची. धोक्याची घंटा त्या तफावतीवर लावायची, मूळ फ्रिक्वेन्सीवर नाही. एकच नोंद तिप्पट प्रमाण विचलनाच्या, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या मापाच्या तिपटीच्या, बाहेर गेली तर काही नाही. सलग पंधरा दिवस सगळ्या नोंदी एकाच बाजूला बसल्या तर पुलाखाली जायची वेळ झाली.

गणित जमत नसेल तर एक देशी तोड: फक्त पहाटे चार-पाचच्या नोंदींची आपसांत तुलना करा. त्या वेळी स्लॅबचा वरचा भाग आणि तळ यांच्या तापमानातला फरक दुपारपेक्षा बराच कमी असतो आणि रहदारीही तुरळक. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

आणि एक वही ठेवा, खरीखुरी. पुलावर काय काय झालं त्याची. खात्याने मार्चअखेर ५० मिलिमीटर डांबराचा नवा थर टाकला, असं समजा. साडेदहा मीटर रुंदीला मीटरमागे १.२ टन वाढले. गाळ्याचं मूळ वजन मीटरमागे बारा टन असेल तर दहा टक्के वजन वाढलं आणि फ्रिक्वेन्सी जवळपास पाच टक्क्यांनी खाली आली. संगणक म्हणणार, गर्डर गेला. वही म्हणणार, डांबर पडलं. एक्स्पान्शन जॉइंट बदलला, कठडा नवा घातला, पाण्याची पाइपलाइन लटकवली, सगळं तारखेसह.

घंटा वाजल्यावर काय, हेही आधीच लिहून ठेवायचं. कोकण रेल्वेचं मला पटतं ते यासाठी. पानवलचा उंच पूल, मांडवी, झुआरी आणि शरावती इथे वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं, काळी, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवर पुराची सूचना देणारी. मोजायची गोष्ट एकच, तिचा आकडा ठरलेला, आणि त्यावर गाडीचं काय करायचं तेही ठरलेलं. रस्त्याच्या पुलावर हीच गोष्ट अवघड होऊन बसते, कारण रात्री दोन वाजता आलेला मेसेज कोणाच्या फोनवर जातो आणि तो माणूस फाटक बंद करू शकतो का, हे कोणी लिहिलेलं नसतं.

देखभालीत वर्षातून एकदा प्रत्येक त्वरणमापक उलटासुलटा करून बघावा. उभा अक्ष वर असताना एक जी, खाली असताना उणे एक जी. फरक पडला तर सेन्सर सरकलाय. हे करायला गर्डरपर्यंत पोचावं लागतं, म्हणजे बकेटची गाडी, एक पदर बंद, पोलिसांची परवानगी. हा खर्च बहुतेक अंदाजपत्रकांत नसतो आणि तिसऱ्या वर्षी सेल संपले की जाळं मुकं होतं ते याचमुळे. म्हणून निविदेत तीन ओळी घालून घ्याव्यात. पाच वर्षांत दोनदा सेल बदलण्याचा आणि त्यासाठीच्या बकेटचा खर्च ठेकेदाराच्या दरात धरलेला असावा. कच्ची नोंद साध्या सीएसव्हीत, पासवर्डसकट, खात्याच्या ताब्यात द्यावी. आणि काँक्रीटच्या आत किती थर्मिस्टर, ते आकड्यात लिहावं.